एएल अमायलॉयडोसिस: ताठर झालेलं हृदय घरी कसं सांभाळायचं

मी तासगावकडचा द्राक्ष बागायतदार, डॉक्टर नाही. माझ्या थोरल्या भावाला, आण्णांना, एएल अमायलॉयडोसिस आहे आणि त्यात त्यांचं हृदय सापडलं आहे. औषधपाणी, रिपोर्टची फाइल, दवाखान्याच्या फेऱ्या हे सगळं मी आणि वहिनी मिळून बघतो. आमच्या भागात या आजाराचं नाव ऐकलेला माणूस विरळाच. ज्याच्या घरात तो येतो त्याला शेजारीपाजारी विचारायलाही कुणी नसतं. म्हणून जे शिकलो ते लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. रक्ताचे डॉक्टर आजाराचं मूळ बघतात, हृदयाचे डॉक्टर हृदय बघतात, आणि रोजचा माणूस फक्त घरच्यांनाच दिसतो. या तिघांना जोडून ठेवायचं काम घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यावंच लागतं.

आजार नेमका काय आहे

हाडांच्या आत जो मगज असतो त्यात प्लाझ्मा पेशी असतात. त्या अँटिबॉडी तयार करतात. अँटिबॉडीचे काही तुकडे जड असतात, काही हलके. हलक्या तुकड्यांना लाइट चेन म्हणतात. त्यांचे कप्पा आणि लॅम्डा असे दोन प्रकार आहेत. या आजारात प्लाझ्मा पेशींचा एक बिघडलेला वंश वाढतो आणि एकाच प्रकारच्या लाइट चेन रक्तात सोडत राहतो. मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर याच पेशींचा. फरक असा, की एएलमध्ये बिघडलेल्या पेशी बऱ्याचदा थोड्याच असतात, पण त्या जे प्रथिन सोडतात तेच विषारी असतं. ते चुकीचं दुमडतं, त्याचे तंतू होतात आणि हृदय, मूत्रपिंड, यकृत, नसा, आतडी अशा ठिकाणी साचतात.

पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. आजार लागट आहे का? नाही. पोराबाळांत उतरतो का? एएल प्रकार उतरत नाही. अमायलॉयडोसिसचा टीटीआर नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यातला काही भाग आनुवंशिक असतो. म्हणून प्रकार कोणता हे कागदावर स्पष्ट लिहून घ्यायचं.

आता हृदय. तंतू साचून हृदयाच्या भिंती जाड आणि ताठर होतात. हृदय दाबायला बराच काळ कमी पडत नाही, ते सैल होऊन भरायला कमी पडतं. इथंच बरीच घरं फसतात. टूडी इकोच्या रिपोर्टवर ‘ईएफ ६०%’ (एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) दिसतं आणि हृदय चांगलं आहे म्हणून सगळे निश्चिंत होतात. या आजारात ईएफ बराच काळ चांगला राहू शकतो आणि तरी जिना चढताना माणसाला धाप लागते. रिपोर्टमध्ये भिंतींची जाडी आणि हृदय भरण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, समजलं नाही तर डॉक्टरांना विचारा. भिंती जाड झाल्या की त्याचं खापर जुन्या बीपीवर फोडलं जातं. पण बीपीनं जाड झालेल्या हृदयाचा ईसीजी सहसा मोठ्या रेघा दाखवतो. अमायलॉयडमध्ये इकोत भिंती जाड आणि ईसीजीत रेघा मात्र लहान, असं पुष्कळदा दिसतं. हा विरोधाभास दिसला तर, ‘डॉक्टर, हे अमायलॉयड असेल का?’ एवढं विचारायला घाबरू नका.

संशय कधी घ्यायचा

एकेक लक्षण बघितलं तर साधं वाटतं. सगळी एकत्र मांडली की संशय येतो. पायाला सूज, थोडं चाललं की दम. लघवीला फेस. दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या, मनगटाची नस दबलेली. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. वर्षानुवर्षं बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाचं बीपी आपोआप खाली येऊ लागणं. याला लोक ‘बीपी बरा झाला’ म्हणतात, तो आनंद करण्यासारखा प्रकार नसतो. जीभ जाड होऊन कडेला दातांच्या खुणा उमटणं आणि डोळ्यांभोवती मार लागल्यासारखे जांभळे डाग येणं ही दोन लक्षणं सगळ्यांत दिसत नाहीत, पण दिसली तर एक दिवसही थांबू नका.

तपासण्यांची नावं पाठ ठेवा: रक्तातली ‘सीरम फ्री लाइट चेन’, आणि रक्त व लघवी दोन्हींचं ‘इम्युनोफिक्सेशन’. नुसत्या साध्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (प्रथिनं वेगळी करून बघायची तपासणी) हा आजार निसटू शकतो. त्यानंतर पोटाच्या कातडीखालची चरबी सुईनं काढतात, हाडाच्या मगजाची तपासणी होते, कधी हृदयाचाच तुकडा घ्यावा लागतो. त्या तुकड्याला काँगो रेड नावाचा रंग देऊन खास प्रकाशात बघतात. अमायलॉयड असेल तर हिरवी चमक दिसते. एवढ्यावर काम संपत नाही, तो एएल आहे की टीटीआर हेही ठरवावं लागतं, कारण दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. टीटीआरसाठी पीवायपी नावाचा स्कॅन करतात. पण तो एएलमध्येही पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून लाइट चेनचे रिपोर्ट हातात नसताना नुसत्या स्कॅनवर प्रकार ठरवू देऊ नका.

बायोप्सी जिथं झाली तिथून ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात ते पुन्हा तपासतात. आम्ही ते एका स्टीलच्या डब्यात कापूस घालून, वर नाव-तारीख लिहून नेले. इकोची सीडीही सोबत असू द्या.

कुठं जायचं, कागद कसे लावायचे

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळं इको, ईसीजी, सूज उतरवणं, रात्री-अपरात्री ऑक्सिजन हे आपल्याकडं होतं. पण आजाराचा मूळ उपचार रक्तविकारतज्ज्ञांचा, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टचा. पुण्याला किंवा मुंबईला, टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी, एकदा तरी जाऊन उपचाराचा आराखडा घ्यावा आणि शक्य तेवढी इंजेक्शनं जवळ घ्यावीत असं माझं मत आहे. दर आठवड्याला ताठर हृदयाच्या माणसाला मुंबईला नेणं त्याला झेपत नाही.

जायचंच असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत उतरता येतं. खालचाच बर्थ घ्या, संडासाजवळचा डबा असला तरी चालेल. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी किती वाजता द्यायची ते डॉक्टरांना आधी विचारा. रात्रभर उठबस नको म्हणून ती परस्पर बुडवू नका. दुसऱ्या दिवशी सूज आणि दम दोन्ही वाढतात. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही. तिचा ठरलेला फॉर्म हॉस्पिटलकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावा लागतो.

इथं एक अडचण येते. कागदावर नुसतं ‘अमायलॉयडोसिस’ असलं तर खिडकीवरच्या माणसाला तो कॅन्सर वाटत नाही. आम्हाला एका ठिकाणी त्यावरून परत पाठवलं होतं. तेव्हा डॉक्टरांना विनंती करून निदानात ‘प्लाझ्मा पेशींचा विकार, केमोथेरपी चालू’ असं स्पष्ट लिहून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. कोणतं औषध योजनेत बसतं आणि कोणतं बाहेरून आणावं लागेल, हे उपचार सुरू व्हायच्या आधीच विचारा. एखादं इंजेक्शन मध्येच पैशापायी थांबणं फार वाईट.

रोजची वही

बागेत आम्ही कोणत्या दिवशी काय फवारलं, पाऊस किती, पानावर काय दिसलं, हे वहीत लिहितो. डावणी हा द्राक्षावरचा बुरशीरोग दिसायच्या आधी ती वही सांगते. आण्णांची वही मी तशीच घातली.

पहिलं वजन. सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेच कपडे घालून, त्याच काट्यावर. काटा शहाबादी फरशीवर सपाट जागी ठेवा; गादीवर किंवा सतरंजीवर तो खोटं वजन दाखवतो. एका दिवसात किलोभर वाढलं किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर गेलं तर ते पाणी समजायचं आणि त्याच दिवशी फोन करायचा. उलटंही बघा. वजन भराभर उतरतंय, तोंड कोरडं, चक्कर येतेय, तर लघवीची गोळी जास्त होत असेल. या आजारात दोन्ही टोकं जवळजवळ असतात. आणखी एक फसवणूक आहे. आजारानं अंगावरचं मांस झडतं आणि त्याच वेळी पाणी साचतं, म्हणून काटा जागचा हलत नाही. यासाठी काट्याबरोबर पायही बघायचा. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरा, उचला, खड्डा राहतो का बघा. काल घोट्यापर्यंत होता आणि आज गुडघ्याखाली पोचला, तर वजन काहीही असो, लिहा आणि कळवा.

दुसरं बीपी, आणि ते दोनदा. पाचेक मिनिटं पडून असताना एकदा, मग उभं करून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर पडण्याचा धोका आहे. दवाखान्यात बहुतेक वेळा बसवूनच बीपी बघतात, त्यामुळं हा आकडा फक्त तुमच्या वहीत असतो. आमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी हे पान बघून आण्णांची एक गोळी त्याच दिवशी कमी केली.

बाकी ओळी छोट्या: नाडी किती, नियमित की अडखळती, रात्री किती उशा लागल्या, किती पायऱ्यांवर थांबले, लघवी किती झाली, स्टेरॉइडच्या दिवशी साखर किती. मोबाइलमध्ये नको, कागदावरच लिहा. डॉक्टरांना एका नजरेत महिना दिसतो.

मीठ आणि पाणी

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. डॉक्टर साधारण दिवसाला २ ग्रॅम सोडियमची मर्यादा सांगतात, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचा सपाट भरून मीठ, ५ ग्रॅमच्या आसपास. यात भाजीतलं, आमटीतलं, पिठातलं सगळं आलं. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. वहिनी सकाळी आण्णांचं दिवसाचं मीठ एका वाटीत काढून ठेवतात आणि त्यातूनच घालतात. वाटी संपली की मीठ संपलं. भाकरी बिनमिठाचीच होते, त्यामुळं ज्वारीची भाकरी हा मोठा आधार आहे. पाव, खारी, बिस्किटं, फरसाण, भडंग, पापड, लोणचं, सांडगी मिरची बंद. खरडा आम्ही बिनमिठाचा करतो: हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे तव्यावर परतून, वरून लिंबू पिळून. पहिले काही दिवस आण्णा ताट सरकवून ठेवायचे, ‘वहिनीला सांग, जनावराचं खाणं देतीय,’ म्हणायचे. मग जिभेला सवय झाली.

सैंधव चालतं असा सगळीकडं समज आहे. सैंधव हेही मीठच. खाण्याचा सोडा, पोटासाठी पाण्यात फसफसणारी पावडर, विरघळणाऱ्या गोळ्या यांतही सोडियम असतं. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पोटॅशियम अडवणारी लघवीची गोळी चालू असेल तर ते धोक्याचं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन येतो, त्यातही पोटॅशियम भरपूर. प्रेमानं घ्यावीत आणि पोरांना द्यावीत.

पाण्याची मर्यादा सांगितली असेल तर तेवढं पाणी सकाळीच बाटल्यांत भरून ठेवा. चहा, ताक, आमटी, कलिंगड हेही पाण्यातच मोजायचं. मात्र चैत्र-वैशाखात आपल्याकडं ऊन जाळतं. जुलाब झाले, घाम फार गेला, तर तोच आकडा धरून बसू नका, फोन करा.

उठणं, बसणं, अंघोळ

आण्णा दोनदा पडता पडता वाचले ते दोन्ही वेळा पहाटे लघवीला उठताना. आता नियम असा: आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून बसायचं, पायाचे पंजे वरखाली हलवायचे, डोळे स्थिर झाले की उभं राहायचं. मी अजूनही आवाज देतो, ‘आण्णा, जरा बसा की.’ रात्री खाटेजवळ लघवीचं भांडं ठेवलंय. अंघोळ खुर्चीवर बसून, कोमट पाण्यानं. कडक पाण्यानं बीपी आणखी उतरतं. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. शौचाला जोर लावावा लागू नये म्हणून औषध मागून घ्या. आरतीला उभं राहायचा आग्रह नको. पायात दाबाचे मोजे घालायचे का, हे डॉक्टरांना विचारा, आण्णांना त्यांनी फरक पडला.

चक्कर येऊन शुद्ध हरपली तर ‘अशक्तपणा आहे, लिंबूपाणी द्या’ म्हणून सोडायचं नाही. या हृदयात ठोके एकाएकी बिघडू शकतात. शुद्ध हरपणं, आडवं पडलं की गुदमरणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा हात लुळा पडणं, काळी शौच, यांतलं काहीही झालं तर लगेच १०८ ला फोन करा. ताठर झालेल्या हृदयाच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही या आजारात जास्त असतो, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी दिली असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही.

औषधांच्या बाबतीत

ताठर हृदयात एका ठोक्याला रक्त कमी जातं, मग ते ठोके वाढवून भरपाई करतं. ठोके जबरदस्तीनं कमी केले की भरपाईच थांबते. म्हणून इतर हृदयरोग्यांना सर्रास दिली जाणारी काही औषधं इथं सोसत नाहीत. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल सहसा टाळतात, डिगॉक्सिन फार जपून देतात, बीटा ब्लॉकर आणि बीपीच्या गोळ्याही मोजून-मापून. एरवीची कोणतीही गोळी आपण बंद करायची नाही. पण नव्या डॉक्टरांनी यातलं नाव लिहिलं तर, ‘आमच्या रुग्णाला अमायलॉयड आहे, चालेल का?’ हे विचारायचं. सर्व औषधांचा एक कागद पाकिटात ठेवा, वर ठळक अक्षरांत आजाराचं नाव.

मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या आणू नका. पाणी साचतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

मूळ उपचारात साधारण बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड, डेक्सामेथासोन (स्टेरॉइड, थोडक्यात ‘डेक्सा’) आणि त्यांच्या जोडीला डॅराटुमुमॅब असतं. हे चौघं एकत्र देण्याला अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये मान्यता मिळाली. निवडक रुग्णांत स्वतःच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण करतात, पण हृदय फार गुंतलेलं असेल तर ते झेपत नाही. बोर्टेझोमिब चालू असताना ग्रीन टी आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या टाळा, त्यांनी औषधाचा असर कमी होऊ शकतो. कुणी सांगितलेला काढाही आधी डॉक्टरांना दाखवा. हातापायांच्या मुंग्या वाढल्या तर लगेच सांगा, डोस बदलता येतो. नागीण उठू नये म्हणून दिलेली असायक्लोव्हिरची गोळी चुकवू नका. डेक्साच्या दिवशी माणूस रात्रभर जागतो, चिडतो, खा खा करतो, आणि सूजही वाढते; त्याच्या चिडण्याला उत्तर देऊ नका, वही मात्र नीट बघा.

डॅराटुमुमॅबबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. हे औषध तांबड्या पेशींनाही चिकटतं आणि रक्तपेढीतल्या क्रॉसमॅचिंगमध्ये (चढवायचं रक्त रुग्णाशी जुळतं का ते बघण्यात) घोळ होतो. शेवटच्या इंजेक्शननंतर सहा महिन्यांपर्यंत हे राहू शकतं. उपचाराआधीच रक्तगटाची सविस्तर तपासणी करून तो कागद जपा, आणि रक्त चढवायची वेळ आली तर रक्तपेढीला औषधाचं नाव आधी सांगा.

ताप १००.४ झाला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच न्यायचं.

रिपोर्ट कसे वाचायचे

दोन प्रकारच्या आकड्यांवर नजर ठेवा. फ्री लाइट चेन सांगतात की विष तयार होणं किती थांबलं. एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन या रक्ताच्या तपासण्या सांगतात की हृदयावरचा ताण किती आहे. आधी लाइट चेन उतरतात, काही आठवड्यांतही. हृदय मागून येतं, महिने लागतात, कधी वर्षही. लाइट चेन खाली आल्या तरी दम तसाच, म्हणून औषध लागू पडत नाही असं समजून उपचार सोडलेले लोक मला दवाखान्याच्या बाकावर भेटले आहेत. तसं करू नका. एनटी-प्रोबीएनपी मूत्रपिंड बिघडलं तरी वाढतं, हेही ध्यानात असू द्या. आणि दर वेळी एकाच लॅबला रक्त द्या. लॅब बदलली की आकड्यांची तुलना बिघडते.

रक्ताच्या डॉक्टरांना हृदयाचे आकडे दाखवा, हृदयाच्या डॉक्टरांना लाइट चेनचे. लघवीची गोळी कमी-जास्त कोण करणार, हे दोघांना विचारून एकाचं नाव ठरवा. नाहीतर सुजेच्या रात्री एक म्हणतात त्यांना विचारा, दुसरे म्हणतात यांना.

डॉक्टरांशी एक बोलणं रुग्ण बरा बसून असतानाच करून घ्या: अचानक वाईट झालं तर व्हेंटिलेटर लावायचा का, किती धावाधाव करायची. आण्णांनी स्वतः विचारलं आणि स्वतः ठरवलं. वहिनींच्या आणि माझ्या डोक्यावरचा तो भार त्यांनी काढून घेतला. त्यांचं म्हणणं वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहिलंय, खाली दोन्ही डॉक्टरांचे नंबर आहेत. आता पुतण्यालाही वजन, उभ्याचं बीपी आणि अंगठ्याचा खड्डा शिकवतोय, कारण ऑक्टोबर छाटणीत मी दिवसभर बागेत असतो आणि वही एक दिवसही कोरी राहता उपयोगाची नाही.